मुसबत आणि मनफी

चटका तसा किरकोळच होता. मधुसूदननं पितळी तबकडीकडे बोट नेलं, बारीकसा चट् असा आवाज झाला, बोटाच्या टोकाला लाल मुंगी डसावी तसं झालं आणि त्याच्या तोंडून शब्द निसटला, "मुसबत." नववीचा वर्ग होता, जानेवारीतली कोरडी सकाळ, तिसरा तास. चाळीस मुलं-मुली टेबलाभोवती दाटीनं उभी होती. दहा वर्षं तो हा प्रयोग करत आला होता. एबोनाइटची काळी थाळी लोकरीच्या तुकड्यानं खसाखसा घासायची, म्हणजे तिच्यावर ऋण विद्युतभार जमतो. तिच्यावर पितळेची तबकडी ठेवायची. ऋणाला ऋण दूर लोटतं, म्हणून तबकडीतला ऋण भार वरच्या अंगाला पळतो आणि धन तेवढा खाली थाळीकडे ओढलेला राहतो. वरून बोट टेकवलं की पळालेला ऋण बोटातून निघून जातो, आणि मग काचेच्या दांडीनं तबकडी उचलली की तिच्यावर उरतो तो नुसता धन. त्या धन भाराकडे पुन्हा बोट नेलं की ठिणगी. या जागी मुलांना सांगायचं वाक्यही ठरलेलं होतं. "तबकडीवर आता काय आहे? धन." दहा वर्षं तो धनच म्हणत आला होता. आज मुसबत म्हणाला.

पहिल्या बाकावर बसणारी मुलगी पुढंच उभी होती. तिनं विचारलं, "सर, मुसीबत?" आणि सगळा वर्ग हसला. मधुसूदनही हसला. "मुसीबत नाही. मुसबत. म्हणजे धन. जुना शब्द आहे, उर्दूतला." "मग ऋणाला काय म्हणायचं, सर?" "मनफी." मुलांनी ते दोन्ही शब्द तोंडात घोळवून पाहिले. मागं कुणीतरी कुणालातरी कोपरानं ढोसून "ए मनफी" म्हटलं. मुलगी मात्र हसत नव्हती. तिनं विचारलं, "तुम्ही सायन्स उर्दूत शिकलात, सर? कुणी शिकवलं?" आणि मधुसूदन फळ्याकडे वळत म्हणाला, "होते एक मास्तर." मग त्यानं खडू उचलला आणि आकृती काढायला घेतली. अधिकच्या खुणा खाली, वजाच्या खुणा वर. खुणा काढता काढता त्याच्या लक्षात आलं, की आपण नाव घेतलं नाही. घ्यायला काही हरकत नव्हती. विचारणारी पोरगी चौदा वर्षांची, तिला त्या नावाचं काय? पण जीभ त्या नावापाशी गेली आणि परत फिरली, तबकडीवरून हात काढून घ्यावा तशी. बोटाचा चटका कधीच विरला होता. हे मात्र तास संपेपर्यंत राहिलं.

मुलं गेल्यावर बन्सी सामान गोळा करायला आला. बन्सी प्रयोगशाळेचा शिपाई, पन्नाशी उलटलेला, निजामाच्या काळापासून याच शाळेत. थाळीवरून कोरडं फडकं फिरवत तो म्हणाला, "अनंतराव मास्तरांचं डोळं गेलं, सायेब. ठावं हाय का?"

मधुसूदन म्हणाला, "कधी?"

"दिवाळीच्या आधी. काचबिंदू म्हन्त्यात. आता काय बी दिसत नाय. लेकीपाशी ऱ्हात्यात, चिकलठाण्याला. ती तिथल्या शाळंवर हाय ना. मी संक्रांतीला तिळगूळ घिऊन गेलतो. बसा म्हनले, चहा पाजला." बन्सीनं थाळी फळीवर ठेवली, जरा मागं सरून ती नीट बसली का ते पाहिलं. "मला इचारलं, बन्सी, एबोनाइटची थाळी तडकली तर नाय ना? म्हनलं नाय मास्तर, हाय तशी हाय. लई बरं वाटलं त्यास्नी."

"आणखी काय विचारलं?"

"आनखी काय नाय," बन्सी म्हणाला आणि खोलीला कुलूप लावायला गेला.

माझ्याबद्दल काही विचारलं का, असं मधुसूदनला विचारायचं होतं. ते बन्सीला कळलं होतं आणि म्हणूनच तो तिथं थांबला नाही, असं त्याला उगीच वाटलं. दुपारचे तास त्यानं घेतले. संध्याकाळी औरंगपुऱ्यातल्या आपल्या खोलीवर येऊन तो खुर्चीत बसला तेव्हा अंगात शाळेचाच कोट होता. डोळे गेले. म्हणजे आता कांडीच्या टोकाशी थरथरणारा भेंडाचा गोळा त्यांना दिसणार नाही, हे पहिल्यांदा त्याच्या मनात आलं, आणि अनंतराव त्याला जसे पहिल्यांदा दिसले होते तसे पुन्हा दिसले. गळ्यापर्यंत गुंड्या लावलेली काळी शेरवानी, खाली पांढरं धोतर, कपाळावर गंधाचा ठिपका. चौदा वर्षांचा मधू दुसऱ्या रांगेत. दोन लाकडी खांबांच्या मधे रेशमी दोऱ्यानं टांगलेले भेंडाचे दोन गोळे, शेंगदाण्याएवढे. अनंतरावांच्या हातात काचेची कांडी आणि हिमरू विणणाऱ्यांकडून मागून आणलेला रेशमाचा तुकडा. कांडी गोळ्याजवळ नेली की गोळा धावत येऊन तिला चिकटायचा, आणि चिकटल्याबरोबर दचकून लांब पळायचा. पुन्हा कांडी नेली तरी जवळ यायचा नाही. "क्यों भागा?" अनंतराव विचारायचे. मग ते हळू, एकेक शब्द ठेवल्यासारखे सांगायचे, की जोवर गोळ्याकडे स्वतःचं काही नव्हतं तोवर तो ओढला गेला, आता कांडीचंच त्यानं घेतलं, दोघांवर एकच मुसबत बार आला, आणि सारखे असले की एकमेकांना दफा करतात, दूर सारतात. शास्त्र सगळं असं उर्दूतच होतं. हैदराबादेहून जाडजूड पुस्तकं यायची, त्यांच्यावर तबीयात, म्हणजे पदार्थविज्ञान, असं लिहिलेलं असायचं, आणि त्या पुस्तकांत जगातली प्रत्येक गोष्ट होती. तास संपला की तेच अनंतराव दारात उभे राहून मराठीत म्हणायचे, "मधू, सर्दी बरी झाली का? रात्री हळद-दूध घेत जा." मधूला त्यात काही विचित्र वाटत नसे. घरात एक भाषा, विजेला दुसरी. पुढं हैदराबादेला बी.एस्सी. केलं तेही उर्दूतच. वीज मराठीतही असू शकते, हे त्याला पोलीस ॲक्शन झाल्यावर कळलं.

ती दोन-तीन वर्षं आठवताना मधुसूदनला नेहमी सामान हलवल्याचा आवाज ऐकू येई. कचेऱ्यांतून दप्तरं निघत होती, पाट्या उतरत होत्या, नव्या चढत होत्या. सगळीकडे आनंद होता आणि तो खरा होता. आपल्या भाषेत शाळा होणार होती, त्यासाठी लोक तुरुंगात गेले होते. पन्नास साली मधुसूदन याच शाळेत तात्पुरता शिक्षक म्हणून लागला आणि अनंतरावांच्या हाताखाली आला. अनंतराव तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचे. त्यांना कुणी काही सांगायच्या आत त्यांनी बाजारातून दोनशे पानांची वही आणली होती. उजव्या कडेपासून उर्दू लिहीत यायचे, डाव्या कडेपासून मराठी. दोन्ही ओळी दोन बाजूंनी निघून पानाच्या मधोमध समोरासमोर यायच्या. बर्की बार, विद्युतभार. मुसबत, धन. मनफी, ऋण. नुसते शब्द नव्हते. प्रत्येक धडा, प्रत्येक प्रयोग, मुलं कुठं अडतात आणि तिथं काय उदाहरण द्यायचं, सगळं. दीड वर्ष ते लिहीत होते. एका संध्याकाळी त्यांनी वही मधुसूदनच्या हातात दिली. "तुझं मराठी वाचन माझ्यापेक्षा जास्त आहे. बघ एकदा. चुकलं असेल तिथं खूण कर."

मधुसूदननं ती तीन दिवसांत वाचून काढली होती. कुठंच खूण करावी लागली नव्हती. एका ठिकाणी मात्र जागा कोरी होती. दफा या शब्दासमोर अनंतरावांनी दोनदा काहीतरी लिहून खोडलं होतं आणि मग नुसती रेघ ओढून ठेवली होती.

त्याच आठवड्यात नव्या हेडमास्तरांनी मधुसूदनला बोलावलं. ते पुण्याकडून आलेले, सरळ, कामाचे गृहस्थ. त्यांना उर्दूचं अक्षरही येत नव्हतं. वरून पत्र आलं होतं, नव्या माध्यमात कोण शिकवू शकतो आणि कोण नाही ते कळवा. ते म्हणाले, "गुरुवारी आपण दोघं अनंतरावांच्या वर्गावर मागं बसू. विषय तुमचा आहे, अभिप्राय तुम्ही लिहा. चार ओळी पुरेत." मग कागद चाळत सहज म्हणाले, "सायन्सची कायम जागा एकच आहे, हे तुम्हाला माहीत असेलच." यात धमकी नव्हती, आमिषही नव्हतं. माहिती होती. मधुसूदन तेव्हा सव्वीस वर्षांचा होता.

बुधवारी संध्याकाळी शाळेच्या पायऱ्यांवर अनंतराव म्हणाले, "उद्या ती वही आणशील ना? एकदा नजरेखालून घालतो. तोंडात अजून जुनेच शब्द येतात रे." मधुसूदन म्हणाला, "आणतो."

गुरुवारची सकाळ त्याला दोन तऱ्हांनी आठवे. त्याची एक हिरवी पत्र्याची ट्रंक होती, तिच्यात इस्त्रीचा कोट असायचा. तो कोट काढायला त्यानं ट्रंक उघडली. एका आठवणीत कोट उचलल्यावर खाली धाकट्या भावाची पत्रं होती, एक पंचा होता आणि वही दिसत नव्हती. ती त्याखाली कुठंतरी होती आणि घाईत ती राहून गेली. दुसऱ्या आठवणीत कोट उचलल्याबरोबर वहीचा निळा पुठ्ठा समोर आला, आणि त्यानं कोट बाहेर घेऊन झाकण हळू खाली सोडलं. पहिली आठवण त्यानं इतक्या वेळा मनाशी म्हटली होती की ती आता गुळगुळीत झाली होती. दुसरी क्वचितच यायची, पण आली की तिला वास असायचा. कापराच्या गोळ्यांचा वास. पहिलीला वास नव्हता.

शाळेत अनंतरावांनी त्याच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाले, "असू दे."

मागच्या बाकावर हेडमास्तर आणि शेजारी मधुसूदन. अनंतरावांनी सुरुवात छान केली. त्यांचं मराठी घरचं, गोड, जरा जुन्या वळणाचं. त्यांनी काचेची कांडी दाखवली, रेशीम दाखवलं. "ही काच रेशमानं घासली, म्हणजे तिच्यावर..." ते म्हणाले आणि थांबले. थांबणं आधी साधं होतं, बोलताना माणूस थांबतो तसं. मग ते लांबलं. वर्गातली कुजबुज बंद झाली. अनंतराव हातातल्या कांडीकडे बघत होते, जणू शब्द तिच्यावर लिहिलेला होता आणि पुसला गेला होता. मग त्यांनी मान वर केली आणि वर्गाच्या डोक्यांवरून थेट मधुसूदनकडे पाहिलं. मदत मागितली नाही. नुसतं पाहिलं. धन. दोन अक्षरं. मधुसूदनच्या ओठांत ती तयार होती. हेडमास्तर शेजारी होते, पण ते काही म्हणाले नसते. तो बोलला असता तर हसून सगळं पुढं गेलं असतं. त्यानं मांडीवरच्या कागदाकडे पाहिलं आणि तारीख लिहिली. तारीख आधीच लिहिलेली होती. त्यानं ती गिरवली. वर्गातून कुणीतरी हळूच म्हणालं, "मुसबत, सर," आणि अनंतराव म्हणाले, "हां, मुसबत," आणि त्या शब्दाच्या दारातून ते सरळ उर्दूत गेले. पुढची पंचवीस मिनिटं त्यांनी जे शिकवलं त्याहून चांगलं मधुसूदननं पुढं कुठं ऐकलं नाही. गोळे पळत होते, चिकटत होते, मुलं बाकांवरून उठून पुढं झुकत होती. हेडमास्तरांना एकही वाक्य कळलं नाही.

अभिप्राय त्यानं तिथंच बसून लिहिला. "अध्यापकांस मराठी परिभाषेचा सराव नाही. नजीकच्या काळात होईल असे दिसत नाही." पहिलं वाक्य त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. दुसरं कुणी विचारलं नव्हतं. चार ओळी म्हटल्या होत्या आणि एक फार थोडी दिसत होती, म्हणून लिहिलं, असं पुढं त्यानं स्वतःला सांगितलं.

अनंतरावांना काढलं नाही. शाळेचं साहित्य-भांडार त्यांच्याकडे दिलं. पाच वर्षं, निवृत्त होईपर्यंत, ते जिन्याखालच्या खोलीत बसले. मधुसूदनला प्रयोगासाठी काही हवं असलं की तो चिठ्ठी पाठवी. अनंतराव ते उपकरण फळीवरून काढून, पुसून, बन्सीच्या हाती देत. कधी कधी मधुसूदन स्वतः जाई. तेव्हा ते वर बघून म्हणत, "आज हवा ओली आहे. सोन्याच्या पानांचं विद्युतदर्शक नेऊ नकोस, भार टिकणार नाही. उद्या घे." बोलणं तेवढंच. वही त्यांनी कधी मागितली नाही. ती नेऊन द्यायची असं मधुसूदननं पहिल्या महिन्यात रोज ठरवलं. मग त्याला ती लागायला लागली. वर्ग मिळाला होता, शिकवायचं होतं, मराठीत पुस्तक धड नव्हतं. वहीत सगळं होतं, मुलं कुठं अडतात तेसुद्धा. तो तिच्यातून शिकवू लागला आणि चांगलं शिकवतो असं त्याचं नाव झालं. ज्या माणसाला शब्द येत नाहीत असं त्यानं लिहून दिलं होतं, त्याच माणसाचे शब्द तो रोज सकाळी वाचून वर्गावर जात होता. हे असं सरळ वाक्यात त्यानं मनाशी कधी मांडलं नव्हतं. आज खुर्चीत बसल्या बसल्या ते मांडलं गेलं, आणि मांडल्यावर ते इतकं साधं दिसलं की त्याला उठून कोट काढावासा वाटेना.

रविवारी दुपारी तो सायकलनं चिकलठाण्याला निघाला. कापडी पिशवीत वही होती. जालना रोडवर दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, वारा समोरून येत होता. काय बोलायचं ते तो जुळवत होता आणि प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला "मास्तर, तेव्हाची परिस्थिती" असं येत होतं, म्हणून पुसून टाकत होता. गावात शाळा कुठं ते विचारलं. शाळेच्या मागं दोन खोल्या होत्या, पुढं सारवलेलं अंगण. अंगणात बाजेवर अनंतराव उन्हाकडे तोंड करून बसले होते. शेरवानी नव्हती, जुना स्वेटर होता. केस सगळे पांढरे. ओट्यावर त्यांची लेक दमयंती तांदूळ निवडत होती. मधुसूदन अनंतरावांच्या घरी जायचा तेव्हा ती दहा-बारा वर्षांची होती, आता चोवीसची. तिनं त्याला ओळखलं आणि ती उठली नाही.

"कोण आहे?" अनंतरावांनी विचारलं.

"मधुभाऊ आलेत," ती म्हणाली. "शाळेतले."

"मधू?" ते जरा बाजूला सरकले. "बस. इथं बस. सायकलनं आलास? वारा फार आहे आज."

तो बाजेच्या कडेला बसला. त्यांचे डोळे उघडे होते आणि त्याच्या खांद्याच्या जरा वर बघत होते. काही वेळ बोलणं शाळेचं झालं. नववीला स्थिर विद्युत कधी घेतोस, त्यांनी विचारलं. जानेवारीत, तो म्हणाला. बरोबर, पावसाळ्यात घेऊच नये, ते म्हणाले. हसले. दमयंतीच्या सुपातला आवाज चालू होता. मग मधुसूदन म्हणाला, "मास्तर, मी वही आणली आहे," आणि तो आवाज थांबला.

अनंतरावांनी कोणती वही ते विचारलं नाही. त्यांनी हात पुढं केला. पुठ्ठ्यावरून बोटं फिरवली, कडा चाचपल्या, एक पान उलटून त्याचा कोपरा अंगठ्याखाली धरून पाहिला. मग वही त्याच्याकडे परत दिली. "वाच."

"कुठून?"

"विजेपासून."

तो वाचू लागला. आधी उजवीकडलं उर्दू, मग डावीकडलं मराठी. बर्की बार, विद्युतभार. मुसबत, धन. मनफी, ऋण. कशिश, आकर्षण. अनंतराव प्रत्येक जोडीला मान हलवत होते. काचेच्या कांडीचा प्रयोग, एबोनाइटचा प्रयोग, एक गोळा काचेला आणि दुसरा एबोनाइटला लावला तर दोघे एकमेकांकडे कसे झेपावतात आणि एकदा भिडले की दोघांचंही बळ कसं सरतं. मुलं इथं विचारतात, भार गेला कुठं. त्यांना सांगावं, गेला नाही, समसमान होते म्हणून एकमेकांत मिटले. वाचताना मधुसूदनचा आवाज स्थिर राहिला, कारण हे तो दर वर्षी वर्गात म्हणत असे, याच शब्दांत. मग दफा आला. त्यानं दफा म्हटलं आणि पुढं पेन्सिलीनं लिहिलेलं वाचलं, "प्रतिकर्षण."

"हे मी लिहिलेलं नाही," अनंतराव म्हणाले.

"नाही. मी लिहिलं. नव्या पुस्तकात तसं आहे."

"मी जागा कोरी सोडली होती."

"हो."

"मनासारखा शब्द मिळेना. वर्गात काय म्हणतोस?"

"सारखे भार एकमेकांना लोटतात, असं म्हणतो."

"ते चांगलं आहे. तेच लिही." ऊन त्यांच्या गुडघ्यांवर आलं होतं. मग त्यांनी, शाळेचं काहीतरी विचारावं तशाच आवाजात, विचारलं, "हेडमास्तर वर्गावर बसले होते, त्या दिवशी वही कुठं होती?"

"घरी. ट्रंकेत."

"विसरला होतास?"

त्यांनी ते असं विचारलं की हो म्हणणं सोपं जावं. दहा वर्षं त्यांनीही तेच मानलं असणार, पोरगा विसरला, तरणं वय, विसरतो माणूस. समोरचे डोळे काही पाहत नव्हते. हो म्हटलं तर ते मान हलवतील, चहा येईल, तो पुढच्या संक्रांतीला तिळगूळ घेऊन येऊ शकेल. आणि ते अगदी खोटंही नव्हतं. पहिली आठवण होतीच, पंचा होता, भावाची पत्रं होती. त्यानं ती आठवण शोधली. पंचा कोणत्या रंगाचा होता ते त्याला सांगता येईना. पत्रं कोणत्या भावाची? धाकटा तर तेव्हा त्याच्याजवळच राहत होता, त्याच खोलीत, पत्र लिहायचं कारणच नव्हतं. मधुसूदन त्या गोष्टीपाशी जागच्या जागी थांबला. दहा वर्षांत हे त्याच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. ट्रंकेत पत्रं नव्हतीच. कोट होता, आणि कोटाखाली वही.

"नाही," तो म्हणाला. "दिसली होती. आणली नाही."

ओट्यावर दमयंती सूप तसंच मांडीवर घेऊन बसली होती. अनंतरावांचा चेहरा हलला नाही. त्यांनी विचारलं, "लिहिलंस काय?"

त्यानं दोन्ही वाक्यं सांगितली. ती त्याला पाठ होती.

"दुसरं वाक्य हेडमास्तरांनी सांगितलं?"

"नाही. ते माझं."

"नजीकच्या काळात," अनंतराव सावकाश म्हणाले, शब्द तपासून पाहावेत तसे. पुढं बोलले तेव्हा आवाज बारीक होता, पण राग त्यात होता की नाही हे मधुसूदनला ओळखता आलं नाही. "त्या जिन्याखालच्या खोलीत मी रोज सकाळी सगळे शब्द मनात म्हणून बघायचो. पहिल्यापासून शेवटपर्यंत. सगळे यायचे. एकदाही अडलो नाही. मग त्या दिवशीच का अडलो? मला वाटायचं, डोक्याला काही झालं. घरात सांगितलं नाही. ही लहान होती, हिची आई आजारी. दोन वर्षं मला वाटत होतं की माझं डोकं जाणार. बाजारात ओळखीच्या माणसांची नावं आठवून बघायचो, ती येतात का म्हणून." ते थांबले. "वही असती तरी अडलो असतो कदाचित. ते आता कळायचं नाही."

मधुसूदनला वाटलं, माफी मागावी. त्यासाठीच तो आला होता. पण माफीसाठी जुळवून आणलेली सगळी वाक्यं त्या अभिप्रायासारखीच होती, पहिलं माहितीचं, दुसरं आपल्या सोयीचं. तो म्हणाला, "मी तुम्हाला ती दोन अक्षरं सांगायला पाहिजे होती. तुम्ही माझ्याकडे बघितलं तेव्हा."

"हां," अनंतराव म्हणाले. "बघितलं होतं."

मग त्यांनी पाय बाजेवर वर घेतले, स्वेटरची बाही ओढून मनगट झाकलं आणि म्हणाले, "पुढं वाच."

त्यानं पुढं वाचलं. वीज कडाडते तिथपर्यंत, ढगांच्या पोटाशी ऋण जमून खालच्या जमिनीतलं धन वर कसं ओढलं जातं तिथपर्यंत. अनंतरावांनी मधे दोनदा थांबवलं. एकदा उदाहरण बदलायला सांगितलं, एकदा त्याचा उर्दू उच्चार दुरुस्त केला. ऊन अंगणातून सरकत कुंपणापर्यंत गेलं. शेवटी त्यांची मान खाली झुकली, तेव्हा ते ऐकत आहेत की झोपले आहेत ते कळेना. त्यानं वाचन थांबवलं. दमयंतीनं येऊन त्यांच्या खांद्यावर शाल घातली.

मधुसूदन उठला. वही पिशवीत घालून सायकलीपाशी आला. दमयंती मागोमाग फाटकापर्यंत आली होती. तिनं हात पुढं केला.

"वही इथं राहू द्या, मधुभाऊ."

उद्या दुसऱ्या तासाला नववी होती. प्रवाही विजेचा धडा सुरू करायचा होता आणि तो वहीच्या उत्तरार्धात होता. त्यानं वही काढून तिच्या हातात दिली. तिनं ती उघडून पाहिली. पानाच्या डाव्या बाजूवरून तिची नजर सरळ मधोमध आली आणि तिथं थांबली.

"मी चौथीत होते तेव्हा उर्दू बंद झालं," ती म्हणाली. "ही बाजू मला वाचता येत नाही. आणि अण्णा त्याच बाजूनं सुरुवात करायला लावतील." तिनं वही मिटून छातीशी धरली. त्याच्याकडे न बघता ती म्हणाली, "पुढच्या रविवारी लवकर या. चारनंतर त्यांना थंडी वाजते."